गॅस गिझरचं पाणी घडीत चटका, घडीत गार : पेचकस उचलायच्या आधी बादली उचला

मागच्या डिसेंबरात आमच्या घरी रोज सकाळी सहाला एकच तमाशा. आत आई आंघोळीला, बाहेर गॅलरीत मी गिझरसमोर उभा, आणि आतून आवाज, "गार आलं रे!" मी नॉब फिरवणार तोवर लगेच दुसरा आवाज, "अरे भाजलं ना!" असं दीड महिना चाललं. मी एका मेकॅनिकला बोलावलं, त्याने स्पार्कचा डबा बदलला, अकराशे घेतले, दोन दिवस बरं चाललं (का बरं चाललं ते नंतर कळलं, त्याने नवे सेल टाकले होते आणि गिझर काढताना जाळीतला थोडा कचरा आपोआप हलला होता) आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसरा आला तो म्हणे गिझर संपला, नवीन घ्या. शेवटी शेजारचे जिभाऊ आले. त्यांचं आयुष्य जळालेल्या मोटरी भरण्यात (वायंडिंगच्या कामात) गेलेलं. हातात पेचकस नाही, पान्हा नाही, म्हणे एक बादली आण आणि तुना मोबाईल काढ. पाच मिनिटांनी म्हणे, "गिझर नही बिघडेल भो, तुनं पानी बिघडेल शे."

तेव्हापासून मी आमच्या गल्लीतले आणि नातेवाईकांचे मिळून बरेच गिझर पाह्यले, आणि अनुभव हाच की पाणी गरम-गार होण्याच्या तक्रारी निम्म्याहून जास्त वेळा पाण्याच्या धारेच्या असतात, मशीनच्या नाही. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मुद्दाम तसा दिलाय, फुकटचं आधी, खर्चाचं शेवटी. हे सगळं आपल्याकडे घरोघरी असतो त्या साध्या 6 लिटरवाल्या, दोन सेलवर चालणाऱ्या एलपीजी गिझरबद्दल आहे.

पहिले जिवाचं, मग पाण्याचं

गिझर बाथरूमच्या आत लावलेला असेल तर पुढचं काही वाचू नका, आधी तो बाहेर काढा. गॅस जळायला हवा लागते, बंद बाथरूममध्ये ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, माणसाला कळायच्या आत चक्कर येते आणि कडी आतून लावलेली असते. थंडीत तर आपण खिडकीची फटसुद्धा टॉवेल लावून बंद करतो. गिझर गॅलरीत, मागच्या अंगणात, उघड्या डक्टमध्ये, जिथे वारा खेळतो तिथेच पाहिजे. आंघोळीत डोकं जड झालं, मळमळलं, पाय लटपटले तर नळ बंद करून उघड्यावर या, कोणी पडलं असेल तर आधी बाहेर ओढा आणि 108 ला फोन करा.

दुसरं, गॅसचा वास येत असेल तर "पाणी गरम का होत नाही" हा प्रश्नच नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, लाईटचं बटन चालू पण करायचं नाही आणि बंद पण करायचं नाही, आणि 1906 वर कळवायचं, हा गॅस गळतीचा इमर्जन्सी नंबर आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो, त्यामुळे वरच्या खिडकीतून जाईल म्हणून निवांत बसू नका.

तिसरं, नळ बंद केल्यावरही आत ज्योत चालूच राहात असेल तर त्या मिनिटाला सिलेंडर बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. ते मेकॅनिकचं काम, का ते पुढे सांगतो.

गिझर आत करतो काय

हे दोन मिनिटं समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल. गिझरमध्ये पाणी साठत नाही. नळ उघडला की पाणी आतून धावतं, त्या धावण्याच्या जोरावर एक रबरी पडदा (डायफ्राम म्हणतात त्याला) ढकलला जातो, पडदा एका पिनला ढकलतो, पिन मायक्रो स्विच दाबते, मग टिक-टिक स्पार्क पडतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतो आणि वरच्या तांब्याच्या कॉईलमधून जाणारं पाणी तापतं. पाण्याचा जोर गेला की पडदा मागे, पिन मागे, गॅस बंद. म्हणजे गिझरला तुम्ही नळ किती फिरवला ते माहीत नसतं, त्याला फक्त पाण्याचा जोर कळतो.

आणि यात कुठलाही थर्मोस्टॅट नाही जो "42 डिग्री झाली, बस" म्हणेल. आग एवढी म्हणजे एवढी. पाणी जास्त धावलं तर कोमट, कमी धावलं तर चटका. 6 लिटरचा गिझर म्हणजे मिनिटाला 6 लिटर पाणी साधारण 25 डिग्रीने वाढवणारा. 6 गुणिले 25 किती, 150. हा 150 आकडा लक्षात ठेवा. फुल गॅसवर पाणी किती डिग्रीने वाढेल = 150 भागिले मिनिटाला येणारे लिटर. 5 लिटर येत असेल तर 30 डिग्री वाढ, 3 लिटर येत असेल तर 50. जानेवारीत पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 14 डिग्री धरलं, तर 5 लिटरच्या धारेला 44 मिळतं, मस्त आंघोळ. 3 लिटरच्या धारेला 64, म्हणजे कातडी सोलायची. आणि प्रेशर पंप लावून 7-8 लिटर ओढलं तर 33-35, म्हणजे गिझर चालू असून दात वाजतील. गिझर तोच, गॅस तोच. गिझर जुना असेल, गॅसचा दाब कमी असेल तर 150 चे 120-130 धरा, पण हिशोब हाच.

आता बादली आणि मोबाईल

जिभाऊंनी जे केलं ते हे. लिटरच्या बाटलीने मोजून बादलीला 10 लिटरवर मार्करने खूण करा. बादलीवर छापलेल्या आकड्यांवर जाऊ नका, आमच्या बादलीवर 20 लिहिलंय आणि काठोकाठ भरली तरी 17 बसतं. गिझर चालू ठेवून बाथरूमचा फक्त गरम नळ पूर्ण उघडा, थंड पूर्ण बंद, आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. 10 लिटरला दोन मिनिटं म्हणजे 5 लिटरची धार, चांगली. अडीच मिनिटं म्हणजे 4, चालेल. साडेतीन-चार मिनिटं लागली म्हणजे अडीच ते तीन लिटर, इथे भानगड सुरू, कारण बहुतेक साधे गिझर साधारण दोन-अडीच लिटरच्या खाली गेले की विझतात. म्हणजे तुमचा गिझर विझण्याच्या काठावर चालतोय. घरात कोणी दुसरा नळ उघडला, संडासची टाकी भरायला लागली, की धार जराशी कमी होते आणि गिझर बंद. ती भरली की पुन्हा चालू. आतला माणूस म्हणतो गिझर खराब.

आमची बादली भरायला चार मिनिटं दहा सेकंद लागली होती.

हीच टेस्ट तीन वेळा करा: एकदा खालच्या नळाला, एकदा शॉवरला, आणि एकदा घरात दुसरीकडे नळ चालू ठेवून. तिन्ही आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा, पुढे काही साफ केलं, बदललं की पुन्हा मोजायचं, म्हणजे फरक पडला की नाही हे मेकॅनिकला विचारायची गरज राहात नाही.

मिक्सर, म्हणजे खरा गुन्हेगार

मिक्सर म्हणजे थंड-गरम मिसळणारा नळ. तुम्ही शॉवरखाली उभे आहात. पाणी जरा जास्त गरम वाटलं, तुम्ही थंड थोडं उघडलं. शॉवरच्या भोकांतून जाणारं एकूण पाणी तेवढंच आहे, म्हणजे थंड जेवढं घुसलं तेवढं गरम मागे दबलं. गिझरमधून जाणारी धार कमी झाली. धार कमी म्हणजे (150 चा हिशोब आठवा) पाणी अजून गरम. तुम्ही अजून थंड उघडलं. धार अजून कमी. मग एका क्षणी दोन-अडीच लिटरच्या खाली गेलं आणि गिझर विझला, आता नुसतं गार. तुम्ही वैतागून थंड बंद केलं, धार वाढली, गिझर टिक-टिक करून पेटला, पाणी पुन्हा चटका. हा झोका कितीही नवीन गिझर आणला तरी थांबत नाही, कारण बिघाड काहीच नाहीये.

उपाय फुकट आहे पण लोकांच्या पचनी पडत नाही: गॅस गिझरला थंड मिसळायचंच नाही. नळ पूर्ण उघडायचा आणि गिझरवरच्या नॉबनेच जेवढं हवं तेवढं तापवायचं. गॅसचा नॉब आग कमी-जास्त करतो. पाण्याचा नॉब धार कमी-जास्त करतो, म्हणजे तो फुल केला की पाणी निवतं, बारीक केला की तापतं, हे उलटं वाटतं म्हणून घरात सगळ्यांना एकदा करून दाखवा. समर-विंटरचं बटन असेल तर समरवर बर्नरच्या काही ओळी बंद राहतात, थंडीत चुकून समरवर राहिलं तर जन्मात पाणी तापणार नाही, माझ्या मामेभावाने हीच चूक करून सर्व्हिसवाल्याला व्हिजिट चार्ज दिलाय.

ज्यांना बादलीने आंघोळ करायचीय त्यांचा प्रश्नच नाही, पूर्ण धारेने बादली भरा आणि थंड वेगळ्या नळाने ओता. आमच्या आईने तेच सुरू केलं आणि अर्धी भांडणं तिथेच मिटली.

चोरवाटेने येणारं थंड पाणी

ही टेस्ट मेकॅनिक सहसा करत नाहीत आणि एक मिनिटाची आहे. गिझरच्या खाली पाणी आत जातं तिथला अँगल कॉक (पाणी बंद करायचा छोटा नळ) बंद करा. आता बाथरूममधला गरम नळ उघडा. पायपातलं उरलेलं थोडं येईल आणि थांबेल. थांबलं नाही, धार येतच राहिली, तर गरमच्या पायपात थंड पाणी कुठूनतरी घुसतंय. बहुतेक वेळा दुसऱ्या बाथरूमच्या किंवा बेसिनच्या मिक्सरमधून. दांडीवाला मिक्सर आतून झिजला की थंड-गरम आतल्या आत एक होतं, किंवा मिक्सरला ट्रिगरवाला हँड शॉवर असतो आणि लोक ट्रिगर सोडून देतात पण मिक्सरचे दोन्ही कान उघडेच ठेवतात, मग तोंड बंद आणि आतून रस्ता मोकळा. एकेक मिक्सरचे खालचे अँगल कॉक बंद करत जा, ज्याने धार थांबली तो चोर. त्याचं कार्ट्रिज किंवा स्पिंडल बदला.

प्लंबर म्हणेल गरमच्या लाईनीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) टाकू. टाका, पण ज्यांची टाकी ठेंगणी आहे त्यांनी विचार करून, स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह स्वतःच थोडा दाब खातो आणि आपल्याकडे तोच आधी कमी.

जाळी

आता पान्हा घ्या. सिलेंडर बंद, अँगल कॉक बंद, खाली तसराळं ठेवा. गिझरच्या इनलेटचा नट सोडवला की आत बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी दिसेल, स्टीलची किंवा प्लास्टिकची टोपी. चिमट्याने हळूच ओढा.

आमची जाळी निघाली तेव्हा मला आधी वाटलं रबरी बूच आहे, कारण छिद्र एकही दिसत नव्हतं. वर काळ्या मातीचा गुळगुळीत थर, त्यात चमकणारे वाळूचे कण, प्लंबरच्या पांढऱ्या टेपचा एक गुंडाळलेला तुकडा, आणि शेंगदाण्याच्या टरफलाएवढा पायपाचा कापलेला निळा काप. हे सगळं टाकी बदलली तेव्हाचं असणार. जुन्या टूथब्रशने घासली, वाहत्या पाण्यात उलटी धरली, उजेडाकडे धरून पाह्यली तर आरपार दिसायला लागलं. बसवून बादली लावली, चार मिनिटं दहा सेकंदांची दोन मिनिटं पंचवीस सेकंद झाली. अकराशे रुपयांचा डबा बदलून जे झालं नाही ते टूथब्रशने झालं.

आपल्याकडे खान्देशात हे जास्त होतं त्याला कारणं आहेत. पहिल्या पावसात वाघूर नदीचं असो, तापीचं असो, नळाला गढूळ पाणी येतं, पाणी रोज येत नाही म्हणून आपण मोठ्या टाक्या भरून ठेवतो आणि बुडाशी गाळ बसतो, मग टाकी तळाला गेली की तो गाळ सगळा खाली उतरतो. त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईत टाकी धुवायची आणि टाकी धुतल्यावर न विसरता जाळी काढून पाहायची. शॉवरची भोकं पण त्याच दिवशी साफ करा, शॉवर चोंदला तरी गिझरला धार कमीच मिळते.

टाकी पूर्ण रिकामी झाली होती का हेही आठवा. रिकाम्या पायपात हवा अडकते, मग पाणी फस-फस करत तुटक येतं आणि गिझर लागतो-विझतो. सगळे नळ एकदम पूर्ण उघडून दोन-तीन मिनिटं वाहू द्या, खालच्या मजल्यापासून सुरुवात करा.

टाकीची उंची

जाळी साफ, मिक्सर बरा, तरी शॉवरला गिझर पेटत नाही आणि खालच्या नळाला मस्त पेटतो, तर हा उंचीचा प्रश्न. 10 मीटर उंचीला 1 बार दाब, म्हणजे 1 मीटरला 0.1. एक मजली घर पाहा: स्लॅब 10 फुटांवर, वर अडीच फुटांचा विटांचा ओटा, म्हणजे टाकीचं बूड साडेबारा फुटांवर. नळ अडीच फुटांवर, फरक 10 फूट, म्हणजे 3 मीटर, 0.3 बार. शॉवर सात फुटांवर, फरक साडेपाच फूट, पावणेदोन मीटरही नाही, 0.17 बार, त्यातून पायपाची घासाघीस वजा. आता गिझरच्या अंगावरचं लेबल वाचा, कमीत कमी पाण्याचा दाब बऱ्याच गिझरवर 0.02 ते 0.03 एमपीए असा असतो, म्हणजे 0.2 ते 0.3 बार. शॉवरला तेवढा मिळतच नाहीये, तो गिझर काय करेल बिचारा.

टाकी दोन-तीन फूट उचलणं, गिझरपर्यंत पाऊण किंवा एक इंची पाईप आणून शेवटीच अर्धा इंच करणं, नव्वद अंशांचे एल्बो (काटकोनी वळणं) कमी करणं, असे उपाय. प्रेशर पंप हाही उपाय आहे पण तो लावला की उलटी तक्रार येते, पाणी कोमट, कारण धार वाढली. मग पाण्याचा नॉब बारीक करावा लागतो. आणि पंप लावायचा तर थंड आणि गरम दोन्ही लाईनींना लावा, नुसता थंडला लावला तर थंड गरमला दाबून टाकेल आणि वरचा झोका दुप्पट होईल.

सेल

दोन मोठे दीड व्होल्टचे सेल. टिक-टिक रेंगाळत येत असेल, पेटायला उशीर लागत असेल, किंवा पेटलेला गिझर मधेच गप्प होत असेल तर पहिले सेल. गॅसचा सोलेनॉईड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारा) उघडा धरायला पण हेच सेल लागतात, सेल उतरला की व्हॉल्व्ह सुटतो आणि अंगाला साबण लागलेला असताना गार पाणी येतं. मल्टीमीटर असेल तर 1.3 व्होल्टच्या खालचा सेल काढून टाका. दोन्ही एकदम बदला, एक नवा एक जुना नको. स्प्रिंगवर पांढरं-हिरवं आलं असेल तर पॉलिश पेपरने घासा. घड्याळातून काढलेले सेल इथे चालवणारे लोक मी पाह्यलेत, तेही बारीक सेलला चांदीचा कागद गुंडाळून. असं करू नका राव.

गॅसकडचं

धार 5 लिटरची पक्की आहे, नॉब फुल आहे, बटन विंटरवर आहे, तरी कोमट, तर आता गॅस. खिडकीतून ज्योत पाहा, निळी, सरळ, सगळ्या ओळींवर सारखी पाहिजे. बुटकी निळी ज्योत म्हणजे गॅस कमी येतोय. सिलेंडर संपत आलाय का ते हलवून नाही, वजन करून पाहा, रिकाम्या सिलेंडरचं वजन वर लिहिलेलं असतं, त्यात पूर्ण भरलेला 14.2 किलो गॅस. कडाक्याच्या थंडीत अर्ध्याखाली आलेला सिलेंडर पहाटे गॅस कमी सोडतो, कारण आतला द्रव गॅस व्हायला उष्णता लागते आणि तीच नसते. म्हणून काही लोक सिलेंडर आडवा पाडतात, गरम पाण्यात ठेवतात. अजिबात नाही. आडव्या सिलेंडरमधून द्रवच पाईपात जातो आणि मग बर्नरमधून भडका बाहेर येतो.

शेगडी आणि गिझर एकाच सिलेंडरला T आकाराचा जोड लावून जोडलेत का? मग आत चहा ठेवला की बाथरूममध्ये पाणी निवणारच. गिझरला वेगळा सिलेंडर, वेगळा रेग्युलेटर. रेग्युलेटर घरगुतीच पाहिजे, लग्नातल्या भट्टीचा चकतीवाला हाय प्रेशर रेग्युलेटर लावून "आग वाढवली" म्हणणारे महाभाग आहेत, तो घर जाळायचा धंदा आहे. केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते. जोड तपासायला साबणाचा फेस, काडीपेटी नाही.

ज्योत पिवळी, वर काजळी, काळे डाग, तर गिझर वापरणं थांबवा. बर्नरमध्ये धूळ, जाळं किंवा कुंभारीण माशीचं मातीचं घर असतं. आपल्याकडे गिझर मार्चपासून दिवाळीपर्यंत बंदच असतो, तेवढ्यात ती माशी आरामात संसार मांडते. बर्नर काढून साफ करणं गॅसच्या जोडांचं काम आहे, ते माहीतगाराकडूनच करा.

डायफ्राम

धार चांगली मोजली, पण गिझर कधी पेटतो कधी नाही, सेल नवे आणि टिक-टिकच येत नाही, तर रबरी पडदा. वॉरंटीत असेल तर हात लावू नका. नसेल आणि हात बसलेला असेल तरच, सिलेंडर आणि पाणी दोन्ही बंद करून पाण्याच्या बाजूच्या झाकणाचे स्क्रू काढा, गॅसच्या बाजूच्या एकाही स्क्रूला पेचकस लावायचा नाही. पडदा उजेडासमोर ताणून पाहा, सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी पुरे, किंवा खारट पाण्याने रबर भाकरीच्या पापुद्र्यासारखं कडक झालेलं असतं. जुना घेऊन दुकानात जा, तसाच मागा, मला 80 रुपयांना मिळाला. बसवल्यावर झाकणातून पाणी गळत नाही ना ते गॅस चालू करायच्या आधी पाहा. नळ बंद केल्यावरही ज्योत राहते ती याच पिनेला गंज चढून ती अडकते म्हणून, आणि तिथे गॅसची बाजू उघडावी लागते, म्हणून ते मेकॅनिकचं.

खार

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांसाठी. तव्यावर पाणी सुटल्यासारखा, किटलीसारखा सूं-सूं किंवा ठक-ठक आवाज गिझरमधून येतो, जाळी साफ असून दर वर्षी धार कमी होत चाललीय, तर कॉईलमध्ये आतून क्षार बसलाय. आपल्याकडे यावरचं उत्तर प्रत्येक घरात माळ्यावर पडलेलं असतं, कुलरची पाणी चढवणारी मोटर. गॅस बंद, सेल काढलेले, गिझरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या सोडवा. बादलीत 5 लिटर कोमट पाणी आणि 250 ग्रॅम लिंबूसत्व, किराण्यात मिळतं. कुलरची मोटर बादलीत, तिचा पाईप इनलेटला, आणि आउटलेटचा पाईप परत बादलीत. बादली स्टुलावर, गिझरच्या जवळ उंच ठेवा, या मोटरीला जास्त चढ झेपत नाही. पाऊण-एक तास फिरू द्या, फेस येतो, पाणी पिवळट-मळकट होतं. मोटर चालू असताना बादलीत हात घालायचा नाही, प्लग काढूनच. मग साध्या पाण्याने भरपूर धुवा. संडासचं ॲसिड चुकूनही नाही, ते क्षारासोबत तांबं पण खातं.

पाच-सात मिनिटांनी विझतो

20 मिनिटांनी विझत असेल तर तो बिघाड नाही, बहुतेक गिझरला तेवढ्याचा टायमर असतो, नळ बंद करून परत उघडा. पाच-सात मिनिटांनी विझत असेल आणि पाणी त्याआधी फार चटका येत असेल तर जास्त तापल्यावर तोडणारा कटआउट आपलं काम करतोय, गॅस कमी करा किंवा धार वाढवा. तो कटआउट वायर जोडून बायपास करून देणारा मेकॅनिक भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. पेटून दोन-चार सेकंदात विझत असेल तर ज्योत ओळखणारी सेन्सरची दांडी काजळली असेल, स्पार्कच्या दांडीशेजारीच असते, गार झाल्यावर पॉलिश पेपरने हलकं पुसायचं, वाकवायची नाही. आणि गॅलरी उत्तरेला असेल तर जानेवारीतला वारा पण ज्योत विझवतो, बाजूने पत्र्याची आड करा, पण वरचा धूर जायचा रस्ता आणि खालची हवा मोकळी ठेवून.

एवढं सगळं करून राहिलं तर मेकॅनिक बोलवा, आणि त्याला "पाणी गरम होत नाही" असं सांगू नका. "फुल नळाला 10 लिटर सव्वादोन मिनिटांत भरतं, इनलेट बंद केल्यावर धार थांबते, जाळी साफ आहे, सेल नवे आहेत, सिलेंडरात नऊ किलो गॅस आहे" असं सांगा. मी हे असं सांगितलं तेव्हा समोरचा आधी गप्प झाला आणि मग थेट रेग्युलेटर बदलायला निघाला, डब्याचं नावच काढलं नाही.

होळी झाली की सेल काढून ठेवा, राहिले तर आतच पाझरतात. सिलेंडर बंद करा, बर्नरच्या खालच्या बाजूला मच्छरदाणीचा तुकडा बांधा म्हणजे कुंभारीण आत जात नाही, आणि दिवाळीत पेटवायच्या आधी तो सोडायला विसरू नका. मे महिन्यात तशीही गच्चीवरची टाकीच गिझर झालेली असते. आमच्याकडे तेव्हा पहाटे पाचला बादली भरून ठेवतात, आणि आतून आवाज तोच येतो, फक्त उलटा, "अरे, थंड नाहीये का कुठे?"